रक्तातून पसरणारे आजार आणि रुग्णालयातील सेवकवर्गाचे संरक्षण

वार्षिक अहवालात आम्ही प्रतिवर्षी रुग्णसेवेचा लेखाजोखा मांडतो. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती माता बाळंत होऊन सुखरूप घरी गेल्या, गरीब रुग्णनिधीतून किती जणांस साहाय्य लाभले, हे सारे आमच्या हितचिंतकांच्या परिचयाचे असते. परंतु ही सेवा ज्यांच्या हातून घडते, त्यांच्या स्वतःच्या आरोग्याविषयी या पानांवर क्वचितच लिहिले जाते. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील सहायक, वॉर्डातील मामा आणि मावशी, धुलाई विभागातील कामगार व कचरा वाहून नेणारे सफाई कामगार हे सर्वजण दिवसाचे अनेक तास रुग्णाच्या रक्ताच्या सान्निध्यात काम करतात. त्या रक्तात कोणता विषाणू आहे, हे पाहून सांगता येत नाही. म्हणून यंदाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हा विषय निवडला आहे. लेख मुख्यतः सेवकवर्गासाठी असला, तरी विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांनीही तो वाचावा, अशी आमची विनंती आहे. सेवकांचे संरक्षण ही केवळ त्यांच्या दक्षतेची बाब नसून व्यवस्थेची व खर्चाच्या तरतुदीचीही बाब आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

थोडा पूर्वेतिहास

रोग्याच्या शरीरातील विष शुश्रूषा करणाऱ्याच्या शरीरात शिरू शकते, ही जाणीव जुनी आहे. १८४७ साली व्हिएन्ना येथील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेत्श्का शवविच्छेदन शिकवीत असता विद्यार्थ्याच्या हातातील शस्त्राने जखमी झाले आणि अल्पावधीतच मरण पावले. त्यांचे स्नेही डॉ. इग्नाझ झेमेलवाइस यांना त्या शवचिकित्सेत सूतिकाज्वराने दगावणाऱ्या मातांसारखीच चिन्हे आढळली. हात धुण्याचा जो धडा वैद्यकाला मिळाला, त्याच्या मुळाशी कामावर झालेली ही एक इजा होती.

रक्तातून कावीळ पसरते याचा पहिला ठोस पुरावादेखील कामगारांकडूनच मिळाला. जर्मनीतील ब्रेमेन शहरी जहाजबांधणीच्या कारखान्यात १,२८९ कामगारांना मानवी लसद्रव वापरून देवीची लस टोचण्यात आली. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांस कावीळ झाली. ल्यूर्मान यांनी १८८५ साली ही हकिकत नोंदविली. त्या काळी विषाणू ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे कारण उमगले नाही. मात्र टोचलेल्या द्रवाशी आजाराचा संबंध त्यांच्या ध्यानी आला होता.

रबरी हातमोज्यांची कथाही येथे सांगण्यासारखी आहे. ते रुग्णाच्या रक्षणासाठी निघाले असावेत, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी आपल्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्यासाठी ते प्रथम बनवून घेतले. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षारामुळे त्यांच्या हातांची त्वचा सोलून निघत होती. म्हणजे आज ज्या साधनाशिवाय शस्त्रक्रियेची कल्पना करवत नाही, ते मुळात एका सेविकेच्या हातांच्या काळजीतून जन्मले आणि त्याचा लाभ पुढे रुग्णांनाही झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रोगांची उकल झाली. डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका मूलनिवासी व्यक्तीच्या रक्तात जे प्रतिजन आढळले, ते हिपॅटायटिस बी विषाणूचे असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिन आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. हिपॅटायटिस सी विषाणूची ओळख १९८९ साली पटली. १९८४ च्या अखेरीस सुई टोचल्यामुळे एका परिचारिकेस एचआयव्हीची बाधा झाल्याची नोंद इंग्लंडमधून प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या रुग्णालयांत भीती पसरली. आपल्या देशात १९८६ साली चेन्नईच्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी एचआयव्हीबाधित व्यक्ती प्रथम शोधून काढल्या. पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. महाराष्ट्र हे या साथीची मोठी झळ सोसलेल्या राज्यांपैकी एक असल्याने येथील रुग्णालयांना हा विषय कधीच परका नव्हता.

तीन विषाणू : तुलना

रक्तातून पसरणारे आजार अनेक असले, तरी रुग्णालयाच्या दृष्टीने तीन विषाणू महत्त्वाचे आहेत : हिपॅटायटिस बी (ज्याला बोलीत 'ब' कावीळ म्हणतात), हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. सर्वसामान्यांच्या मनात सर्वाधिक धास्ती एचआयव्हीची असते. शास्त्रीय आकडे मात्र वेगळे चित्र दाखवितात.

बाधित रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली असता, लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस बी होण्याचा संभव ६ ते ३० टक्के असतो. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत जुन्या अभ्यासांत हा संभव १.८ टक्के सांगितला जाई, अलीकडील अभ्यासांत तो ०.२ टक्के इतका अल्प आढळला आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तो सुमारे ०.३ टक्के आहे. डोळ्यात किंवा तोंडात बाधित रक्त उडाल्यास एचआयव्हीचा संभव याहूनही कमी, म्हणजे सुमारे ०.०९ टक्के असतो. हेच निराळ्या शब्दांत सांगायचे, तर लस न घेतलेल्या १,००० जणांना अशा सुया टोचल्या, तर त्यांपैकी ६० ते ३०० जणांना हिपॅटायटिस बीची बाधा होऊ शकेल, एचआयव्हीची मात्र साधारण तिघांना.

हिपॅटायटिस बीचा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणूनच खाटेच्या कडेला किंवा औषधांच्या ट्रॉलीवर राहून गेलेला लहानसा डागही पुसून निर्जंतुक करणे अगत्याचे ठरते. एचआयव्ही शरीराबाहेर त्या मानाने दुर्बल असतो.

या तुलनेतून जो निष्कर्ष निघतो, तो दिलासा देणारा आहे. ज्या विषाणूचा धोका सर्वांत मोठा, त्याच्याविरुद्ध परिणामकारक लस उपलब्ध आहे. एचआयव्हीला लस नाही, परंतु इजेनंतर तातडीने औषधे घेतल्यास बाधा टाळता येते. हिपॅटायटिस सीला लस नाही आणि इजेनंतर घ्यावयाचे प्रतिबंधक औषधही नाही, परंतु बाधा झालीच तर आता १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. तिन्ही बाबतींत काही ना काही मार्ग आहे. अट एवढीच की, झालेली इजा वेळेवर कळविली गेली पाहिजे.

कोणत्या द्रवापासून धोका आहे आणि कोणत्या नाही, हेही सेवकांनी जाणून घ्यावे. रक्त, तसेच मेंदू व पाठीच्या कण्याभोवतीचे, छातीतील व पोटातील पाणी, गर्भजल, वीर्य आणि योनीस्राव हे धोकादायक मानले जातात. मल, मूत्र, घाम, अश्रू, लाळ, थुंकी व उलटी यांत रक्त दिसत नसेल, तर त्यांपासून हे तीन रोग होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. रुग्णाचा हात हाती घेतल्याने, त्याची चादर बदलल्याने किंवा त्याच्याजवळ बसल्याने हे आजार होत नाहीत.

सुई कोणाला टोचते आणि केव्हा

इजा झाली की 'लक्ष नव्हते' असे म्हणून दोष ज्याला सुई टोचली त्याच्याच माथी मारण्याची प्रथा सर्वत्र आढळते. या प्रथेला पहिला शास्त्रीय छेद अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॉ. जनीन जॅगर यांनी दिला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३२६ इजांची छाननी करण्यात आली होती. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश इजा वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविण्याशी निगडित होत्या. इजेचे प्रमाण साधनाच्या घडणीवर अवलंबून असते, हेही त्या अभ्यासाने दाखवून दिले. जे साधन वापरल्यानंतर सुटे करावे लागते, ज्याची उघडी सुई हाताशी राहते, ते अधिक इजा करते. माणसाला उपदेश करण्याबरोबरच साधन व कामाची पद्धत बदलली पाहिजे, हा विचार तेथून दृढ झाला.

इजेच्या वेळा पाहिल्या, तर त्या ढोबळमानाने तीन टप्प्यांत विभागता येतात. पहिला टप्पा प्रत्यक्ष वापराचा. रुग्णाने अचानक हात हलविला, टाका घालताना सुई बोटात गेली, शस्त्रक्रियेत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती शस्त्र देताना कापले, हे प्रकार यात मोडतात. दुसरा टप्पा वापर संपल्यापासून सुई डब्यात पडेपर्यंतचा. टोपण बसविणे, सुई हाताने वाकविणे, ती ट्रेमध्ये कापसाखाली राहून जाणे, डबा दूर असल्याने उघडी सुई घेऊन वॉर्ड ओलांडणे, असे प्रसंग या टप्प्यात घडतात. तिसरा टप्पा त्यानंतरचा. भरून वाहणाऱ्या डब्यात सुई दाबणे, चादरीच्या घडीत राहिलेली सुई धुलाई कामगाराला लागणे, कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेले टोक मावशींच्या पोटरीत घुसणे, या घटना त्यात येतात.

तिसऱ्या टप्प्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिल्या टप्प्यात ज्याला इजा होते, त्याला सुई कोणत्या रुग्णाची होती हे ठाऊक असते आणि पुढे काय करावयाचे याचे शिक्षणही बहुधा त्याला मिळालेले असते. तिसऱ्या टप्प्यात ज्याला इजा होते, त्याने ती सुई वापरलेलीच नसते. ती कोणाची होती हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. अनेकदा तो कंत्राटी असतो, त्याचे वेतन सर्वांत कमी असते आणि त्याची लस झाली आहे किंवा नाही, याची चौकशी कोणी केलेली नसते. दुसऱ्याच्या हातून राहून गेलेल्या गोष्टीची किंमत त्याला मोजावी लागते. सुई ज्याने वापरली त्यानेच ती डब्यात टाकावी, हा नियम म्हणूनच सर्व नियमांत अग्रक्रमाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली जो अंदाज मांडला, तो असा : जगातील ३५० लाख आरोग्यसेवकांपैकी सुमारे ३० लाख जणांस दरवर्षी अशा इजेतून रक्तजन्य विषाणूंचा संपर्क होतो, आणि आरोग्यसेवकांत आढळणाऱ्या हिपॅटायटिस बी व सी यांच्या बाधेपैकी सुमारे ४० टक्के बाधा कामावरील इजांमुळे होते. या इजांपैकी मोठा भाग विकसनशील देशांतला आहे. आणि ज्या इजा कळविल्या जात नाहीत, त्या कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत.

सर्वांसाठी सारखीच दक्षता

एचआयव्हीच्या भीतीने प्रारंभी अनेक ठिकाणी बाधित रुग्ण वेगळा काढण्याकडे कल होता. खाटेवर पाटी लावणे, कागदपत्रांवर लाल शाईने लिहिणे, शस्त्रक्रियेसाठी शेवटचा क्रमांक देणे किंवा दुसऱ्या रुग्णालयाची वाट दाखविणे, असे प्रकार घडत. माणुसकीच्या दृष्टीने ते अनुचित होतेच, शिवाय संरक्षणाच्या दृष्टीनेही ते निरुपयोगी होते. ज्याची तपासणी झालेली नाही, किंवा बाधा नुकतीच झाल्याने जी तपासणीत दिसत नाही, त्या रुग्णाच्या खाटेवर पाटी लागत नाही. पाटी नाही म्हणून सेवक निर्धास्त होतो आणि धोका तेथेच असतो.

यावरचा उपाय १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 'सार्वत्रिक दक्षता' या नावाने सविस्तर मांडला. प्रत्येक रुग्णाचे रक्त बाधित असू शकते असे गृहीत धरावे आणि प्रत्येकाच्या बाबतीत सारखीच काळजी घ्यावी, हे त्याचे सूत्र. १९९६ पासून त्याचेच विस्तारित रूप 'प्रमाणित दक्षता' या नावाने रूढ झाले. या तत्त्वामुळे सेवक सुरक्षित राहतो आणि रुग्णाची अप्रतिष्ठाही टळते.

आचरणात हे तत्त्व पुढीलप्रमाणे उतरते :

१. प्रत्येक रुग्णाच्या आधी व नंतर हात धुवावेत. स्वतःच्या हातावर जखम असल्यास ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकावी.

२. रक्ताशी संबंध येईल तेथे हातमोजे घालावेत. मोज्यामुळे सुई टोचणे थांबत नाही, परंतु सुईवरील रक्ताचा बराचसा भाग मोज्याला पुसला जातो व शरीरात जाणारे रक्त कमी होते. मोजे काढल्यावरही हात धुवावेत.

३. रक्त उडण्याचा संभव असेल तेथे, विशेषतः प्रसूतिगृहात व शस्त्रक्रियागृहात, मुखपट्टी, चष्मा वा पारदर्शक मुखावरण आणि प्लॅस्टिकचा एप्रन वापरावा.

४. वापरलेल्या सुईवर टोपण बसवू नये, ती हाताने वाकवू वा मोडू नये. टोपण बसविणे अटळच असेल, तर टोपण सपाट जागी ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी.

५. सुयांचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा हाताच्या अंतरावर असावा. तो तीनचतुर्थांश भरला की बंद करावा. भरलेल्या डब्यात सुई कधीही दाबू नये.

६. शस्त्रक्रियेत धारदार साधन हातोहात देण्याऐवजी मधल्या ट्रेमध्ये ठेवावे व ठेवताना तोंडाने सांगावे. टाके घालताना बोटांऐवजी चिमट्याचा वापर करावा. दुहेरी मोज्यांमुळे आतील मोजा फाटण्याचे प्रमाण कमी होते.

७. सांडलेले रक्त प्रथम शोषक कागदाने वा कापडाने झाकावे, त्यावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओतून थांबावे व मगच पुसावे. फुटलेली काच हाताने उचलू नये. प्रयोगशाळेत तोंडाने पिपेट ओढण्यास सक्त मनाई असावी.

सिरिंजच्या प्रकारांविषयी एक भेद ध्यानी घ्यावा. एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणारी सिरिंज पुन्हा वापरली जात नाही, त्यामुळे ती पुढच्या रुग्णाचे रक्षण करते. सेवकाच्या रक्षणासाठी वापरानंतर सुई आत ओढली जाणारी किंवा आवरणाने झाकली जाणारी सिरिंज लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुरक्षित सिरिंजचा पुरस्कार करताना या दोन्ही गुणांचा विचार केला आहे. अशी साधने महाग असतात, त्यामुळे ती सर्वत्र एकदम आणणे धर्मादाय रुग्णालयास जड जाते. अतिदक्षता विभाग, अपघात विभाग आणि रक्त काढण्याचा कक्ष येथून प्रारंभ करणे श्रेयस्कर.

लस : सर्वांत स्वस्त संरक्षण

हिपॅटायटिस बीची पहिली लस १९८१ साली अमेरिकेत मान्य झाली. ती बाधितांच्या रक्तद्रवापासून बनत असे. १९८६ साली जनुकीय तंत्राने बनविलेली लस आली. परदेशी लशीची किंमत आपल्याकडील सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेने देशी बनावटीची लस बाजारात आणली आणि किंमत उतरू लागली. त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी भरलेली 'ब' काविळीच्या लसीकरणाची शिबिरे अनेकांच्या स्मरणात असतील. बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस २००२ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०११ च्या सुमारास देशभर पोहोचली. यावरून हे उघड होते की, आज सेवेत असलेल्या प्रौढांपैकी बहुतेकांना ती बालपणी मिळालेली नाही. ती नोकरीच्या ठिकाणीच मिळाली पाहिजे.

लशीचे तीन डोस असतात : पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. इंजेक्शन दंडाच्या स्नायूत द्यावे. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासावी. ती १० एकक वा अधिक असल्यास ती व्यक्ती संरक्षित समजावी. दहांपैकी नऊंहून अधिक निरोगी प्रौढांत ही पातळी गाठली जाते. न गाठल्यास तीन डोस पुन्हा द्यावेत. दोन डोस घेऊन तिसरा विसरणे हा सर्वत्र आढळणारा दोष आहे. म्हणून प्रत्येक सेवकाचे लसपत्रक सेवापुस्तकासोबत ठेवावे आणि तारखा कार्यालयाने सांभाळाव्यात.

अमेरिकेत १९९१ च्या नियमान्वये मालकाने ही लस सेवकांस विनामूल्य देणे बंधनकारक झाले. लस व दक्षता यांच्या एकत्रित परिणामाने तेथील आरोग्यसेवकांतील हिपॅटायटिस बीचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटले.

सुई टोचल्यानंतरचे पहिले दोन तास

इजा झालीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, ब्लीचिंग किंवा तीव्र जंतुनाशक लावू नये. डोळ्यात रक्त उडाल्यास स्वच्छ पाण्याने वा सलाइनने डोळा भरपूर धुवावा. त्यानंतर हातातील काम दुसऱ्याकडे सोपवून लगेच विभागप्रमुखांस कळवावे.

वैद्यकीय अधिकाऱ्याने इजेचे स्वरूप पाहावे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासानुसार जखम खोल असणे, साधनावर रक्त दिसणे, सुई शिरेत वा धमनीत घातलेली असणे आणि रुग्णाचा आजार अंतिम अवस्थेत असणे या चार गोष्टींनी एचआयव्हीचा धोका वाढतो. इजेनंतर झिडोव्हुडिन हे औषध घेतल्याने धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होतो, असेही त्याच अभ्यासात आढळले. आज त्याहून सोपे व सुसह्य औषध आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी दिवसातून एकदा, अशी २८ दिवस घ्यावयाची असते. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत घ्यावी. ७२ तासांनंतर तिचा उपयोग होत नाही. अहवालाची वाट पाहत पहिली मात्रा थांबवू नये. रुग्ण बाधित नाही असे ठरल्यास औषध बंद करता येते.

प्रशिक्षण वर्गासाठी तीन कल्पित उदाहरणे येथे देत आहोत.

पहिले : एका परिचारिकेस हिपॅटायटिस बीबाधित रुग्णाची सुई टोचली. तिचे तिन्ही डोस झाले आहेत आणि प्रतिपिंडांची पातळी १० हून अधिक असल्याची नोंद आहे. तिला त्या रोगासाठी कोणत्याही उपचाराची गरज नाही. हिपॅटायटिस सी व एचआयव्ही यांचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा.

दुसरे : सफाई करणाऱ्या मावशींना पिशवीतील सुई लागली. ती कोणाची हे ठाऊक नाही आणि मावशींची लस झालेली नाही. जखम धुवावी, धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी, हिपॅटायटिस बीची लस त्याच दिवशी सुरू करावी आणि शक्यतो २४ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावे. ते सात दिवसांपर्यंत देता येते. सुई कोणत्या विभागातील होती हे पाहून एचआयव्हीच्या औषधांचा निर्णय डॉक्टरांनी मावशींशी बोलून घ्यावा. या एका उदाहरणात जो खर्च, धावपळ आणि काळजी दिसते, तिच्यापैकी मोठा भाग आधी दिलेल्या लशीने वाचला असता.

तिसरे : नमुना हाताळताना तंत्रज्ञाच्या डोळ्यात एचआयव्हीबाधित रक्त उडाले. डोळा धुऊन औषधाची पहिली मात्रा लगेच द्यावी. धोका अत्यल्प आहे, हे त्यास आकडा सांगून समजवावे. पाठपुराव्याच्या काळात रक्तदान न करणे व वैवाहिक संबंधांत निरोध वापरणे, याविषयी समुपदेशन करावे.

तिन्ही प्रसंगी सेवकाचे रक्त त्याच वेळी तपासून ठेवावे. एचआयव्हीची तपासणी ६ आठवडे, ३ महिने व ६ महिन्यांनी पुन्हा करावी. हिपॅटायटिस सीसाठी ३ ते ६ आठवड्यांनी विषाणूची आरएनए चाचणी आणि ४ ते ६ महिन्यांनी प्रतिपिंडांची चाचणी करावी. बाधा आढळल्यास २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाद्वारे विनामूल्य उपचाराची सोय करण्यात आली आहे. रुग्णाचे रक्त तपासण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी आणि सेवकाचा अहवाल गोपनीय राखावा.

यातील सर्वांत अवघड पायरी औषधाची नसून कळविण्याची आहे. 'सिस्टर रागावतील', 'कंत्राटदार काढून टाकील', 'घरी कळले तर काय', अशा भीतीपोटी इजा लपविली जाते आणि मोलाचे दोन तास निघून जातात. म्हणून इजेची नोंदवही चौकशीची वही होता कामा नये. तीत सेवकाच्या चुकीचा रकाना नसावा. साधन कोणते, जागा कोणती, वेळ कोणती आणि डबा किती अंतरावर होता, एवढे लिहावे. वर्षाअखेरीस त्या वहीतूनच पुढील वर्षी कोणत्या विभागात काय बदलावे, हे ठरविता येते. आणि 'मावशी, लागले का कुठे?' हा प्रश्न आपुलकीने विचारणारी सिस्टर त्या वहीइतकीच उपयोगी असते.

कायदा आणि विश्वस्तांचे कर्तव्य

जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम देशात १९९८ साली लागू झाले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार कचरा जेथे निर्माण होतो तेथेच वेगळा करावयाचा असतो. सुया व पाती पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात, नळ्या, सलाइनच्या बाटल्या व सुईविरहित सिरिंज लाल पिशवीत, आणि रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकावयाचा. त्याच नियमांनी कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांच्या लशी देणे, नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणे आणि दरवर्षी आरोग्य तपासणी करणे ही जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे. 'सर्वांना' या शब्दात कंत्राटी कामगारही येतो.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. सेवकांना सार्वत्रिक दक्षतेची साधने, त्यांच्या वापराचे प्रशिक्षण व इजेनंतरची प्रतिबंधक औषधे पुरविणे आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थांवर त्याने बंधनकारक केले आहे. बाधित रुग्णास भेदभावाची वागणूक देण्यासही त्याने मनाई केली आहे. सेवकाचे संरक्षण व रुग्णाचा सन्मान हे एकाच कायद्यात एकत्र आले, हे आम्हास अर्थपूर्ण वाटते. ज्या सेवकाला पुरेसे मोजे, डबे व लस मिळते, त्याला रुग्णापासून दूर पळण्याचे कारण उरत नाही.

घरातील सुया

शेवटी रुग्ण व नातेवाईकांसाठी दोन शब्द. मधुमेहामुळे घरी इन्शुलिन घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात टाकली की ती घंटागाडीवरील कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या हाती लागते. तिच्याजवळ ना मोजे असतात, ना इजेनंतर धाव घेण्यास विभागप्रमुख. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा सुयांची गणना घरगुती घातक कचऱ्यात करून तो वेगळा देण्यास सांगितले होते. जाड प्लॅस्टिकची झाकणाची बरणी घ्यावी, तीत सुया साठवाव्यात, झाकण चिकटपट्टीने बंद करून बरणीवर 'सुया' असे ठळक लिहावे आणि ती घातक कचरा म्हणून वेगळी सुपूर्द करावी.

विश्वस्त मंडळास व देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे की, नव्या यंत्रसामग्रीच्या यादीत सुयांचे डबे, पुरेसे हातमोजे, लशीचे डोस व प्रतिपिंड तपासणी यांनाही स्थान द्यावे. या वस्तूंवर देणगीदाराच्या नावाची कोनशिला बसत नाही. परंतु त्यांच्या आधाराने कामावर आलेली मावशी संध्याकाळी निर्धास्तपणे घरी जाते व आपल्या मुलांना जवळ घेते. सेवकांस आमचे सांगणे एवढेच : आपले लसपत्रक आजच पाहा, तिसरा डोस राहिला असेल तर या आठवड्यात घ्या, आणि इजा कितीही किरकोळ वाटली तरी ती कळविण्यास विलंब लावू नका.